बाळ सापडलेल्या बाईचा जबाब

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. बेवारस बाळ आलं की पहिला फोन मला. त्या सकाळी एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, सिस्टरनी एका दमात सांगितलं : मुलगी, 1 किलो 900 ग्रॅम, अंग गार पडलेलं, नाळ शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली. म्हणजे बाळंतपण घरीच झालेलं.

मी पोचले तेव्हा बाळ ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली होतं. बाहेर बाकावर चाळिशीतली एक बाई बसली होती. कामाला जाताना एका बंद गाळ्याच्या पायरीवर बाळ तिला सापडलं, ते पदरात घेऊन ती रिक्षाने थेट आमच्याकडे आली. मला बघताच उठली. "मॅडम, कागद काय लागतात ते सांगा, मी घरी नेते. लग्नाला सोळा वर्षं झाली, मूल नाही. देवानंच माझ्या वाटेत ठेवलं."

हे आम्हाला नवीन नाही. वॉर्डातल्या मावशींना वहिनीसाठी बाळ हवं असतं, तपासाला आलेल्या पोलिसाला मेव्हणीसाठी. हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो. पण सापडलेलं बाळ ही सापडणाऱ्याची वस्तू नव्हे. 24 तासांत ते बालकल्याण समितीपुढे जायला हवं, अशा मुलांचं पुढे काय करायचं ते तीच ठरवते. बाळ हलवता येत नसेल तर निदान आमचे कागद तरी. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार परस्पर मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. नियम जाचक वाटतो, पण 'सापडलं' म्हणून आलेलं प्रत्येक बाळ खरंच सापडलेलं असतं असं नाही. काही विकत घेतलेली असतात.

"मग मी उचललं ते चुकलं का?" तिने विचारलं.

"नाही हो ताई. अजून तासभर ती तिथेच असती तर आमच्या हाती काही उरलं नसतं."

"मग तोवर तरी सांभाळते. तुमचं ठरेपर्यंत."

ही मागणी मला पटण्यासारखी होती, अजूनही पटते. पण प्रतिपालकत्वाची, म्हणजे मूल तात्पुरतं दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देण्याची, योजना आपल्याकडे मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे. तान्हं बाळ जातं शिशुगृहात, दर पाळीला बदलणाऱ्या हातांत. दत्तकाचं म्हणाल तर आधी ऑनलाइन नोंदणी, मग गृहभेट, मग प्रतीक्षायादी. शिवाय दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. तिने तिथेच बोटांवर हिशेब केला : ती 41, नवरा 47. झाले 88. त्यावर ती काही बोलली नाही.

तेवढ्यात हवालदार जबाब लिहायला आले. त्यांचं ठरलेलं वाक्य कागदावर उतरलंसुद्धा : 'सदर स्त्री जातीचे अर्भक कपड्यात गुंडाळलेल्या स्थितीत मिळून आले.' पोलिसांना तेवढं पुरतं, मला पुरत नाही. दत्तक गेलेलं मूल मोठं झाल्यावर आपलं मूळ शोधायला येऊ शकतं, नियमांत तशी तरतूद आहे. तेव्हा फाइलमध्ये 'मिळून आले' याच्यापुढे काहीतरी हवं की नको? आईच्या आजारांचा रकाना तर कोराच राहतो. एचआयव्हीची साधी तपासणी केली तरी बाळाच्या रक्तात आईच्याच अँटीबॉडी दिसू शकतात, अगदी दीड वर्षापर्यंत. त्यामुळे खुद्द विषाणू शोधणारी वेगळी पीसीआर तपासणी करावी लागते.

मी हवालदारांना थांबवलं आणि ताईंना विचारलं, कपडा कसला होता?

"जुन्या सुती साडीचा तुकडा, जांभळा. काठ कापून टाकलेला, टोचू नये म्हणून असेल. डोक्याला कुंची बांधावी तसं गुंडाळलं होतं. आणि कुत्र्यांनी ओढू नये म्हणून पुढं विटा रचलेल्या."

तिने एकूण एक सांगितलं आणि हवालदारांनी, थोडे वैतागून का होईना, सगळं लिहून घेतलं. कपडा वॉर्डातल्या मावशींनी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला होता. तो बाहेर काढून मी फोटो घेतले, मग पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून तो पोलिसांकडे गेला.

विटा रचून गेलेल्या त्या आईला माहीत नसणार की समितीपुढे मूल रीतसर सोपवता येतं, वर फेरविचाराला 60 दिवस मिळतात. आमच्या भिंतींवर डासांपासून तंबाखूपर्यंत सगळ्याची पोस्टर्स आहेत, याचं एक नाही. बाळ टाकणं नाइलाजाने झालं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं कायदाही धरत नाही. पण हे तिला सांगणार कोण?

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. वर्तमानपत्रात फोटो छापून आला, कुणी पुढे आलं नाही. पोलिसांनी पालक सापडत नसल्याचा अहवाल दिला, समितीने मुलीला दत्तकासाठी मुक्त केलं आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती एका घरी गेली. पूर्वी हा आदेश न्यायालयातून यायचा, सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकारी देतात.

ताई मधूनमधून फोन करतात. मुलगी कुठे आहे हे मी सांगू शकत नाही, हे आता त्यांनाही ठाऊक आहे. त्यांनी दोन ते चार वयोगटातल्या मुलासाठी नोंदणी केली आहे. तिथे वयांच्या बेरजेची मर्यादा 90 आहे. गेल्या खेपेला विचारत होत्या की गृहभेट रविवारी ठेवता येईल का, कारण एरवी नवऱ्याची दिवसाची मजुरी बुडते.