स्पार्कस्टेशनचे घोडे नेमके कुठे अडले

सन मायक्रोसिस्टिम्सचे स्पार्कस्टेशन ५ हे १९९४ साली बाजारात आलेले वर्कस्टेशन, म्हणजे कामासाठीचा ताकदवान संगणक, माझ्याकडे आले ते डिस्कशिवाय. तीस वर्षांपूर्वीची, त्या काळच्या एससीएसआय जोडणीची डिस्क मिळाली तरी तिचा भरवसा काय, म्हणून ते नेटवर्कवरूनच बूट करून त्यावर नेटबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम चालवायचे ठरवले. सनच्या बाबतीत हा जुगाड नव्हे. १९८० च्या दशकात ही कंपनी डिस्क नसलेली वर्कस्टेशने सर्रास विकत असे आणि त्यासाठीची सोय यंत्राच्या रॉममध्येच आहे.

पहिली अडचण मात्र पत्त्याची होती. यंत्राचा इथरनेट पत्ता ज्या चिपमध्ये असतो तिच्या पोटातच बॅटरी असते आणि ती केव्हाच संपलेली होती. ओपनबूट या रॉममधल्या प्रोग्राममध्ये हा पत्ता हाताने भरता येतो, फक्त ओळखीच्या नोंदीतल्या पहिल्या १५ बाइटांचा एक्सऑर (बिटांची एक तुलना) पडताळणीसाठी सोळाव्या बाइटमध्ये अचूक बसावा लागतो. वीज गेली की हे सारे पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर ‘बूट नेट’ ही आज्ञा दिली की यंत्र आपला इथरनेट पत्ता सांगून ‘माझा आयपी पत्ता कोणता’ असे आरएआरपी या प्रोटोकॉलद्वारे साऱ्या नेटवर्कला विचारते. ही हाक राउटरपलीकडे जात नाही, त्यामुळे लिनक्स सर्व्हर त्याच स्विचला जोडला, ईथर्स आणि होस्ट्स या फाइलींत यंत्राच्या पत्त्यांच्या नोंदी केल्या आणि या हाकेला उत्तर देणारा आरएआरपीडी हा प्रोग्राम सुरू केला. तरीही पडद्यावर टाइमआउट. नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा टीसीपीडंप लावून पाहिले तर विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचत होती, उत्तर मात्र निघतच नव्हते.

दोन संध्याकाळी गेल्यावर मॅन्युअल नीट वाचले. लिनक्सचा आरएआरपीडी उत्तर देण्यापूर्वी टीएफटीपीच्या (फाइल उतरवून देण्याच्या साध्या सेवेच्या) डिरेक्टरीत त्या यंत्राची बूट फाइल आहे का ते पाहतो, आणि नसेल तर निमूटपणे गप्प राहतो. फाइल होती, पण तिचे नाव मी लहान इंग्रजी अक्षरांत लिहिले होते. यंत्राला आपल्या आयपी पत्त्याचे सोळा-आधारी रूप फाइलीचे नाव म्हणून मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत हवे असते, म्हणजे १९२.१६८.१.२० साठी ‘सी०ए८०११४’, आणि या पिढीच्या यंत्रांना त्यापुढे ‘.सन४एम’ अशी शेपटीही लागते. ज्या प्रोग्रामने एक ओळ लॉगमध्ये लिहिली असती तर माझे काम पाच मिनिटांत झाले असते, त्याच्या अबोल्याचा मला अजूनही राग आहे.

पुढचे तुलनेने सरळ होते. बूट फाइल उतरल्यावर ती सर्व्हरवरच्या बूटपॅरॅम्स या सेवेकडून रूट (मुख्य) डिरेक्टरीचा ठावठिकाणा घेते आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या सोयीने आणते. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलीत ‘नो रूट स्क्वॅश’ (दूरच्या रूटचे अधिकार काढू नका) लिहायला विसरल्यामुळे पहिल्या खेपेला यंत्राच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, स्वतःच्याच डिरेक्टरीत काही लिहिता येईना. ती ओळ दुरुस्त केल्यावर लॉगिन प्रॉम्प्ट आला. मेमरी अपुरी पडली की वापरायची स्वॅपची फाइलही आता सर्व्हरवरच आहे, त्यामुळे १० मेगाबिटच्या तारेवर कंपाइल करायला बसवले की जेवून आले तरी चालते.