सॅव्हिल रोवरचे खाकी कागद

लंडनचा सॅव्हिल रो हा मापाचे कोट शिवणाऱ्या शिंप्यांचा रस्ता लांबीला अगदीच बेताचा. गर्दी दिसली ती तीन नंबरच्या इमारतीसमोर. ३० जानेवारी १९६९ रोजी तिच्या गच्चीवर बीटल्स गायले होते ना! मी मात्र फुटपाथच्या रेलिंगला टेकून तळघरांत डोकावत होते. इथल्या बऱ्याच शिंप्यांच्या कामाच्या खोल्या खाली आहेत आणि खिडक्या रस्त्याकडे, त्यामुळे कारागिरी फुकटात बघता येते. एक जण कोटाच्या छातीतल्या कॅनव्हासला हाताने टाके घालत होता. शेजारी पुतळ्यावर पांढऱ्या धावदोऱ्याने जोडलेला, एकाच बाहीचा कोट.

मला ओढ होती कागदांची. इथला कटर, म्हणजे कापड बेतणारा कारागीर, मापं घेऊन प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा पॅटर्न, म्हणजे कोटाच्या तुकड्यांचे आकार, जाड खाकी कागदावर आखतो. खांदा उतरता असो की पाठीला पोक, सगळं आखणीतच धरलेलं. मग ते तुकडे दोरीत ओवून टांगायचे. पुढच्या कोटाला तोच कागद. पोट सुटलं की रेघ सरकवायची. इथली हेन्री पूल ही शिंप्यांची पेढी १८०६ पासूनची, १८४६ मध्ये या रस्त्यावर आली.

त्या सुमारास मापाची टेप तशी नवीच होती, १८०० च्या आसपासची. त्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकामागे कागदाची किंवा चर्मपत्राची एक पट्टी असे. छाती, कंबर, बाही जिथे संपेल तिथे खाच पाडायची, आकडा नाहीच. इंचांची टेप आल्यावर शरीराची प्रमाणं हिशेबात मांडता येऊ लागली. टेपच्या कितीतरी आधी, १५८० मध्ये माद्रिदला हुआन दे अल्सेगा या शिंप्याने पॅटर्नचं पुस्तक छापलं, पण त्याची खरी चिंता कापडाची. कापड महाग, म्हणून अमुक पन्ह्यात झगा कमीत कमी कापडात कसा बेतायचा, हे त्याने आकृत्या काढून दाखवलं.

याच्या अगदी उलट टोकाला एबेनेझर बटरिक. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या या शिंप्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी पॅटर्न विकायला काढले. सिंगरला शिलाई मशीनचं पेटंट १८५१ मध्येच मिळालं होतं, मशीन घरांत शिरत होतं, पण बेतायचं कसं हे शिंप्यालाच ठाऊक. हे पॅटर्न पातळ कागदाचे असत, त्यांवर छपाई नसे, नुसती भोकं आणि खाचा. कुठलं भोक कशाचं, हे कळायलाही डोकं लागत असणार! तरी मला विचाराल तर सॅव्हिल रोच्या सगळ्या ऐटीपेक्षा हे काम मोठं. कटरची विद्या घडी घालून कुणालाही विकत मिळू लागली.

दुपारी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम गाठलं. काचेआड झगे भरपूर, त्यांचे कागद मात्र मला दिसले नाहीत. जेनेट अर्नोल्ड या अभ्यासक बाईंनी म्हणूनच उलटी वाट धरली. संग्रहालयांतल्या जुन्या कपड्यांची बारीक मापं घेऊन त्यांनी कागदावर पॅटर्न उतरवले. त्यांत जोड-तुकडेही दिसतात. पन्हा पुरला नाही की शिंपी घेराच्या टोकाला किंवा नजर जाणार नाही अशा जागी तिकोनी तुकडा जोडून मोकळा होई, मग झगा रेशमी का असेना.