अंदमानला जायलात? पावसाचं सोडा, लाटांचं बघा

आम्ही पाच जण, मी, बायको, पोरगी, ताई आणि दाजी, मागच्या नोव्हेंबरात परभणीहून अंदमानला जाऊन आलो. सहा दिवसांची ट्रिप होती, नऊ दिवस लागले. कुठं काय बघायचं ते सगळीकडं सापडतं, म्हणून त्यावर लिहीत नाही. मला समुद्राच्या हवामानाबद्दल सांगायचंय, कारण निघायच्या आधी आम्हाला ते कुणीच सांगितलं नव्हतं.

आमचा एजंट म्हणाला होता, पावसाळा संपलाय, बिनधास्त जा. आम्हालाही ते पटलं, कारण आपल्याकडं हवामान म्हणजे पाऊस, आला का नाही आला, किती आला, जन्मभर आपण तेवढंच बघितलेलं असतं. तिथं गेल्यावर कळलं की समुद्रावर पाऊस ही शेवटची गोष्ट आहे, आधी वारा आणि लाट.

नांदेडवरून हैदराबाद आणि तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), दुसऱ्या दिवशी फेरीनं हॅवलॉक (आता स्वराज द्वीप). जाताना समुद्र एकदम शांत होता, पोरगी पूर्ण वेळ डेकवर. परत यायच्या दिवशी सकाळी आभाळ निरभ्र, ऊन चटके देतंय, आणि जेट्टीवर बोर्ड लावलेला की आजच्या सगळ्या फेऱ्या रद्द. दाजींचा पारा चढला, "एक थेंब पाऊस नाही आणि कॅन्सल कामून?" काउंटरवरचा माणूस रफ सी, रफ सी एवढंच म्हणायचा, आमच्या डोक्यात काही शिरेना कारण समोरचं पाणी तर निळंशार दिसत होतं.

तिथल्या एका खलाशानं मला बाजूला नेलं आणि म्हणाला, पाण्याकडं नका बघू, दोरखंड बघा. बोट जेट्टीला बांधलेली होती. दोरखंड सैल पडायचा, मग हळूहळू ताणत ताणत असा काही कडक व्हायचा की त्यातून पाणी पिळून निघायचं, आणि बोटीच्या बाजूला लावलेले टायर भिंतीला घासून कर्रकर्र वाजायचे. मी मोजलं, आठ-नऊ सेकंदाला एकदा. फेस नाही, आवाज नाही, नुसतं पाणी वर येतंय आणि खाली जातंय. याला ते स्वेल म्हणतात. वारा शेकडो किलोमीटर लांब सुटलेला असतो, तिथं उठलेल्या लाटा चालत चालत इथं पोचतात, म्हणून डोक्यावर ऊन आणि पायाखाली खवळलेला समुद्र असं होऊ शकतं. केरळात तर याला कल्लक्कडल असा वेगळा शब्दच आहे, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, तिथं दक्षिण हिंदी महासागरातली स्वेल हजारो किलोमीटरवरून येऊन किनाऱ्यावर चढते.

आमच्या वेळी दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र झालं होतं, आणि नोव्हेंबरात हे अजिबात नवल नाही. उत्तर हिंदी महासागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेलं असलं की वादळाला खुराक मिळतो, आणि अंदमानचं पाणी त्या दिवसांत त्याहून गरमच असतं. कधी कधी तर पॅसिफिकमधल्या वादळाचं उरलंसुरलं इकडं सरकून पुन्हा जोर धरतं, 2019 चं बुलबुल तसंच होतं. हॉटेलवाल्यानं 2016 च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली, पुढं वरदा चक्रीवादळ झालेल्या त्याच सिस्टीममुळं हॅवलॉक आणि शेजारच्या नील बेटावर हजारावर पर्यटक अडकले होते आणि नौदलाच्या जहाजांनी त्यांना काढलं होतं. ते ऐकल्यावर दाजी शांत झाले. दोन दिवस आम्ही तिथंच. फेरीचे पैसे परत मिळाले, विमानाचे गेले.

आता जाणाऱ्यांनी काय करायचं ते सांगतो. हवामान खातं उत्तर हिंदी महासागरासाठी रोज ट्रॉपिकल वेदर आउटलुक काढतं, वेबसाइटवर फुकट मिळतं, निघायच्या पाच-सहा दिवस आधीपासून रोज उघडा. त्यात पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची, जास्त जोराची पायरी) व्हायची शक्यता निल, लो, मॉडरेट, हाय अशी दिलेली असते. अंदमान समुद्राचं नाव आणि मॉडरेट एकत्र दिसलं तर बेटांचा प्लॅन हलवा. दुसरं म्हणजे इन्कॉईस, समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, आपल्या शेजारी हैदराबादलाच आहे, ते लाटांचा अंदाज देतात, किती मीटर, कुठल्या दिशेनं, किती सेकंदांनी एक. वारा नॉटमध्ये असतो, दुप्पट करून थोडं कमी करा की ताशी किलोमीटर आले (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर). डिप्रेशनमध्ये वारा 17 ते 27 नॉट, आणि 34 च्या वर गेला की वादळाला नाव मिळतं. पण फेऱ्या बंद व्हायला नाव मिळायची वाट बघावी लागत नाही हं, आमचं तर डिप्रेशनबी झालं नव्हतं.

लाटेच्या आकड्यात एक मेख आहे. अंदाजात अडीच मीटर लिहिलेलं असतं ती सगळ्यात मोठी लाट नसते, सगळ्यात उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट येऊ शकते. सव्वा ते अडीच मीटरला मॉडरेट म्हणतात, अडीच ते चारला रफ, चार ते सहाला व्हेरी रफ. विंडीसारखं ॲप जरूर बघा पण त्यात वाऱ्याचे रंग बघून थांबू नका, लाटांचा आणि स्वेलचा लेअर वेगळा असतो तो लावा.

प्लॅन करताना बेटं आधी, पोर्ट ब्लेअर शेवटी. सेल्युलर जेल वगैरे परतीच्या आधीच्या दिवसांसाठी ठेवा आणि विमानाच्या आधी एक पूर्ण दिवस मोकळा सोडा, आम्ही हेच उलटं केलं होतं. फेरी सकाळचीच घ्या, काही झालं तर दुपारचा चान्स राहतो. जमत असेल तर जानेवारी ते मार्च जा. उलटीची गोळी बोट हलायला लागल्यावर घेऊन काही उपयोग नाही, निघायच्या आधी घ्यायची, डॉक्टरांना विचारून, आणि जागा खालच्या मजल्यावर मधोमध बघायची. ताईनं मोबाईलमध्ये तोंड घातलं म्हणून तिला लई त्रास झाला, लांब क्षितिजाकडं बघत बसलं की बरं वाटतं. खिशात रोख पैसे ठेवा, वारा सुटला की लाइट आणि नेट दोन्ही जातात. आणि बीचवर लाल झेंडा असला तर गुडघाभर पाण्यातबी जाऊ नका, पोरंसोरं बरोबर असली तर तर नकोच.

अडकलो होतो त्या संध्याकाळी घरून अण्णांचा फोन आला. "आभाळ भरू लालंय रे इकडं, तिकडं काय झालंय का?" कापूस वेचायचा राहिलेला, तूर फुलात. मी आउटलुक उघडून बघितलं, ते क्षेत्र पश्चिमेकडं तमिळनाडूच्या किनाऱ्याकडं सरकणार असं लिहिलेलं. म्हणलं अण्णा, कापूस आधी घरात घ्या, फवारणी थांबवा. कृषी विद्यापीठाच्या शुक्रवारच्या पत्रकातबी तेच आलं म्हणे.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेट्टीवर गेल्या गेल्या मी आधी दोरखंड बघितला. सैल लोंबत होता, टायर गप्प होते. अर्ध्या तासानं बोट सुटली. परभणीत उतरलो तेव्हा रस्ते ओले होते आणि ओसरीत कापसाचा ढीग छतापर्यंत गेला होता.