विरिकुताच्या वाटेवर

रेआल दे कातोर्से हे मेक्सिकोतलं चांदीच्या खाणींचं जुनं गाव. दोन किलोमीटरहून लांब बोगद्यातून गाडी गावात शिरते आणि पुढे सेर्रो केमादोचा डोंगर पायी चढायचा. हवा विरळ, ऊन करकरीत. विरारिका हे आदिवासी लोक, ज्यांना बाहेरचे हुइचोल म्हणतात, मानतात की सूर्य पहिल्यांदा या माथ्यावर उगवला.

मी चालले तो फक्त शेवटचा टप्पा. त्यांची यात्रा पाचशे किलोमीटरची, पश्चिमेच्या सिएरा माद्रे डोंगरांतून विरिकुता नावाच्या या पवित्र वाळवंटापर्यंत, आणि ती त्यांचीच. पूर्वी सगळी पायी व्हायची. आता वाटेत कुंपणं आणि महामार्ग आले, म्हणून बराच भाग गाडीने होतो. निघाल्यावर प्रत्येकाने तातेवारीसमोर, म्हणजे आजोबा अग्नीसमोर, आपले प्रेमसंबंध नावानिशी सांगायचे. दर नावाला दोरीला गाठ, आणि शेवटी दोरी आगीत. ऐकणाऱ्याने, अगदी नवरा-बायकोनेही, रागवायचं नाही. मग तातेई मातिनिएरीच्या झऱ्यांवरून पाणी भरून घ्यायचं, पावसासाठी.

आळंदीहून पंढरीला चालताना मला शेवटी विठ्ठलाचे पाय दिसणार असतात. इथे मूर्ती नाही. झरा, डोंगर, हरीण, मका आणि हिकुरी नावाचं बिनकाट्याचं निवडुंग हेच देव. हिकुरी वाढायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून वरचा भागच कापतात. मूळ जमिनीत राहतं, पुन्हा फुटतं. माथ्यावर दगडांची वर्तुळं आहेत आणि एका छोट्या देवघरात बाण, मेणबत्त्या, मण्यांनी मढवलेल्या तुंब्या. मी कशालाही हात लावला नाही. तिथे हात जोडले जातातच.

याच डोंगररांगेत कॅनडाच्या कंपनीला चांदीसाठी परवाने मिळाले होते. विरारिका लोक कोर्टात गेले, 2012 मध्ये मेक्सिको सिटीत त्यांच्यासाठी मोठी मैफल झाली, आणि कोर्टाने परवान्यांना स्थगिती दिली. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने हा सगळा मार्ग जागतिक वारशात घेतला. मला मनापासून आनंद झाला.

पण गावातल्या अनेकांना खाण हवी होती, पोटासाठी. त्यांना दोष कसा देऊ? खालच्या मैदानातल्या टोमॅटोच्या मोठ्या शेतांबद्दल मात्र माझं मन साफ नाही: ती शेतं वाळवंटाखालचं पाणी उपसतात, हिकुरीची जमीन नांगरतात, आणि पीक लांबच्या बाजारात जातं.