फोनवरची शिट्टी अखेर सापडली

काल माझ्या छोट्या पाणबुडीत, चार मीटर खोलीवर, थ्रस्टर (पाणबुडी ढकलणारी मोटर) पाव थ्रॉटलला चालू असताना, दोनशे मीटरवरच्या बोटीतून मित्राने मोजलेले एक ते वीस आकडे मला पाण्याखालच्या फोनवर सलग ऐकू आले. एकही गाळला नाही. मोटर चालू असली की फोनवर बोलण्याच्या आड येणारी जी शिट्टी मागच्या नोंदीत लिहिली होती, ती गेली. तिच्यापायी दोन डाइव्ह अर्धवट सोडाव्या लागल्या होत्या, कारण आमचा नियम साधा आहे: दर पंधरा मिनिटांनी बोलणं व्हायलाच हवं, हाक चुकली की वर यायचं.

आधी मला वाटलं, आवाज प्रॉपेलरचाच. म्हणून बेअरिंग बदललं, मोटरच्या ब्रॅकेटखाली रबर घातलं, पात्यांच्या कडा घासल्या. तीन आठवडे त्यात गेले. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून समोर होती: थ्रॉटल वाढवला तरी शिट्टीचा सूर चढत नव्हता. यंत्राचा आवाज असता तर फेऱ्यांबरोबर चढला असता. दुसरं म्हणजे, हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, थेट हेडफोनला जोडला की शिट्टी नाही, ३२.७६८ किलोहर्ट्झच्या फोनवर (तो या आकड्याच्या लगेच वरचा पट्टा कानाला ऐकू येईल इतका खाली आणतो) घेतला की हजर.

मग हायड्रोफोन पाण्यातून काढून कोरड्या फडक्यात गुंडाळला. शिट्टी तशीच. हायड्रोफोनमधली आवाज पकडणारी सिरॅमिक रिंग सोडवून तिच्या जागी तेवढ्याच कपॅसिटन्सचा, म्हणजे १० नॅनोफॅरॅडचा साधा कपॅसिटर लावला. तरी तशीच! म्हणजे हा आवाज पाण्यातला नव्हताच, तारेतून येत होता. ही कपॅसिटरची चाचणी प्रत्येकाने सगळ्यात आधी करावी, पाच मिनिटांचं काम आहे.

खरा धागा मात्र थ्रॉटलने दिला. पाव आणि पाऊण थ्रॉटलला शिट्टी कर्कश, बरोबर निम्म्यावर जवळजवळ गायब, पूर्ण थ्रॉटलला एकदम शांत. हे वहीत लिहिताना हात थांबला. कंट्रोलर मोटरची वीज झपाट्याने चालू-बंद करतो, आणि थ्रॉटल म्हणजे त्यातला चालू वेळेचा वाटा. चौकोनी लहर निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असली की तिच्यात दुसरा हार्मोनिक, म्हणजे दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर, उरत नाही, आणि पाव-पाऊणला तो सगळ्यात मोठा असतो. पूर्ण थ्रॉटलला तर कंट्रोलर स्विचिंगच करत नाही. शिट्टी मोजली, ६४० हर्ट्झ. ३२.७६८ मध्ये मिळवली की ३३.४०८, त्याचं निम्मं १६.७०४. स्कोप (विजेची लहर दाखवणारं यंत्र) कंट्रोलरला लावला तर १६.७ किलोहर्ट्झ. कंट्रोलरच्या कागदावर १६ छापलंय. ते १६ च असतं तर दुसरा हार्मोनिक ३२ वर, फोन ऐकतो त्या पट्ट्याच्या (वरच्या साइडबँडच्या) बाहेर पडला असता आणि मला कधी कळलंही नसतं. कंट्रोलर घेताना कागदावर विसंबू नका, स्कोप लावून पाहा.

आता तो आत शिरत कुठून होता? बॅटरीच्या निगेटिव्हपासून हलपर्यंत, म्हणजे पाणबुडीच्या धातूच्या कवचापर्यंत, मल्टिमीटर लावला आणि अंगावर काटा आला. तिथे काहीच जोड असता कामा नये, आपला हल नेहमी तरंगता, म्हणजे विजेच्या दोन्ही टोकांपासून सुटा, ठेवायचा असतो. मीटरने सरळ जोड दाखवला. हायड्रोफोनच्या क्लँपखाली केबलचं आवरण दबून फाटलं होतं आणि शील्डचे (तारांभोवतीच्या धातूच्या जाळीचे) दोन केसाएवढे धागे ब्रॅकेटला टेकले होते. शील्ड प्रीअँपच्या (हायड्रोफोनचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटच्या) ग्राउंडला, प्रीअँप मुख्य बॅटरीवर, म्हणजे अख्खा हल निगेटिव्हला बांधलेला. मोटरच्या गुंडाळीतून तिच्या कवचात झिरपणारा स्विचिंगचा करंट त्याच शील्डवरून घरी परतत होता. शिट्टी राहू द्या, असाच महिनाभर पाण्यात राहिलो असतो तर हलचा धातू खाल्ला गेला असता. दर डाइव्हच्या आधी हे माप घ्यायचं, असं आता चेकलिस्टमध्ये सगळ्यात वर लिहिलंय.

केबल नवी टाकली, क्लँपखाली जाड रबरी नळी घातली, शील्ड फक्त प्रीअँपच्या टोकाला जोडलं. प्रीअँपला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी दिली आणि बाहेर पडणाऱ्या आवाजाला छोटा ट्रान्सफॉर्मर. केबल बदललीच होती, म्हणून पेनिट्रेटरमध्ये (हलमधून तारा आत नेणाऱ्या बंद जोडात) तारा सोलून, एकेक धागा सोल्डरने भरून पुन्हा इपॉक्सीत ओतल्या. तारेच्या आतून चढणारं पाणी ओ-रिंग अडवत नाही.

रिंगचं पॉटिंग, म्हणजे तिच्याभोवतीचं ओतीव आवरण, मात्र मी बदलणार आहे. पॉलियुरेथेन व्हॅक्यूममध्ये ठेवूनही एक बुडबुडा राहिलाच, आणि हवा असली की आवाज तिथूनच परत फिरतो. एरंडेल भरलेली रबरी टोपी मला जास्त पटते: बुडबुडा दिसतो, काढता येतो आणि रिंग खराब झाली तर फोडाफोड करावी लागत नाही.

काल वर येण्याआधी मोटर बंद करून नुसतं ऐकत बसलो. कानात एकदम बारीक चुरचुर सुरू झाली, सगळीकडून, अगदी वरच्या पट्टीत. मला वाटलं प्रीअँप गेला. मित्राला विचारलं तर म्हणाला, "अरे, पाऊस आलाय." रिमझिम पावसाचा पाण्याखालचा आवाज १५ किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात मोठा असतो, हे वाचलं होतं. ऐकला काल.

प्रीअँप बाहेर, तेलाच्या डबीत हलवायचा, असा पुढचा बेत होता. पण हे लिहितानाच तो बाजूला ठेवतोय. पाऊस सगळीकडून येत होता ते ठीक, पण मित्राच्या बोटीचं इंजिनही सगळीकडूनच येत होतं. हायड्रोफोन एकच, दोन्ही कानांत तोच आवाज, मग दिशा कशी कळणार? पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८० मीटर जातो, हवेत ३४३. म्हणजे दोन हायड्रोफोन कानांएवढ्याच अंतरावर लावले, तरी वेळेचा फरक हवेतल्यापेक्षा सव्वाचार पटींहून जास्त घटतो आणि दिशा नीट कळत नाही. मग कानच लांब करायचे! २० सेंटिमीटरचं अंतर ४.३ पट केलं की ८६. पुढच्या रेलवर दोन हायड्रोफोन ८६ सेंटिमीटरवर बसवायचे आणि डावा डाव्या कानात, उजवा उजव्या कानात. मध्ये हलची सावली पडेल तीही कामाचीच.

अडचण एकच, जोडी जुळवण्याची. माझ्या पुरवठादाराने पाठवलेल्या चार रिंगांपैकी दोघींच्या कपॅसिटन्समध्ये पंधरा टक्के फरक निघाला. उरलेल्या दोन आज रात्री मोजतो. जुळल्या तर शनिवारी टोप्या ओततो.