साठ टक्क्यांचा सिनेमा

आमचे बाबा शाळेत गणित शिकवायचे. पेपरात सिनेमाचं परीक्षण आलं की ते आधी कोपऱ्यातले तारे बघत, मग मजकुराकडे वळत, आणि दर वेळी एकाच गोष्टीवर चिडत. "पाचपैकी तीन दिलेत. म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास! मग हे गृहस्थ दोन कॉलमभर रडतायत कशाला?"

"अहो, ती काय तुमची सहामाही आहे का?" आई आतून म्हणायची.

बाबांचा हिशेब तेव्हा गमतीचा वाटायचा. आता वाटतं, दुखणं त्यांनी बरोबर पकडलं होतं. तीन तारे म्हणजे लग्नाच्या मांडवातून निघताना म्हटलेलं 'जेवण छान होतं'. यजमान खूश, आपण मोकळे. मजकूरही ठरलेला: कलाकारांनी आपापल्या भूमिका चोख बजावल्या आहेत, छायांकन नेत्रसुखद आहे, मात्र मध्यंतरानंतर पकड सुटते, एकदा बघायला हरकत नाही. हे इतक्यांदा वाचलंय की मध्यंतरात पॉपकॉर्न घेऊन परतले की आता पकड सुटणार म्हणून मी आधीच सावरून बसते.

ताऱ्यांची ही पद्धत न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मधल्या आयरीन थायरर या बाईंनी 1928 साली सुरू केली असं मानतात. त्यांचा हिशेब सुटसुटीत होता. तीन तारे म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा, आणि एकही नसला की समजून घ्या. पुढे कुणी चार केले, कुणी पाच, मग अर्धे आले. साडेतीन आणि चार यांच्यात जो अर्धा तारा असतो तो नेमका कशाचा, हे विचारायची माझी फार इच्छा आहे. बाबा अर्धा मार्क कापायचे तेव्हा बाजूला लाल शाईत 'एकक?' असं लिहायचे तरी.

खरी पंचाईत वेगळीच आहे. शाळेत चित्रकलेचा पेपर गणिताच्या मास्तरांकडे जात नाही. इथे शुक्रवारी एकाच माणसाच्या टेबलावर भुताचा सिनेमा, कॉलेजातली प्रेमकथा, कुणा महापुरुषाचं चरित्र आणि दोन तास फक्त विहिरीकडे बघणारा एक कलात्मक चित्रपट असे चारही गठ्ठे येतात, आणि मार्क मात्र एकाच पट्टीवर पडतात. मराठीतले साठ आणि भूमितीतले साठ एकच, असं म्हणण्यातला प्रकार. चरित्रपटाला हात आखडता घेता येत नाही, कारण नापास कुणाला केलं यावरून उद्या पत्रं येतील. विहिरीवाल्याला 'वेगळा प्रयत्न' म्हणून अर्धा तारा जास्त. मराठी सिनेमाला तर ग्रेस मार्क ठरलेलेच, घरचं कार्टं आहे म्हणून. सगळ्यांत हाल विनोदी सिनेमाचे. 'डोकं घरी ठेवून जा' असा सल्ला देऊन दोन तारे! अहो, लोकांना दोन तास डोकं विसरायला लावणं ही काय सोपी गोष्ट आहे?

असाच एक दोन ताऱ्यांचा विनोदी सिनेमा मी दुपारच्या खेळाला पाहिला होता. थिएटरात मोजून सात माणसं, त्यातला एक झोपलेला. कुणी हसेना. मीही हसले नाही, एकटीनं हसायची लाज वाटते. परीक्षणातलं अक्षर न् अक्षर पटलं. वर्षभरानं तोच सिनेमा नाशिकहून येताना ट्रॅव्हल्सच्या गाडीत लागला. पडदा वहीएवढा, आवाज फाटका. मागच्या सीटवर एक काका होते, त्यांना सगळे संवाद पाठ. नट तोंड उघडायच्या आधी काका वाक्य म्हणायचे आणि गाडी दोनदा हसायची, एकदा काकांना, एकदा नटाला. घाट उतरेपर्यंत माझ्या पोटात दुखायला लागलं. सिनेमा तोच, माणसं बदलली. समीक्षक बिचारा पत्रकारांसाठीच्या खास खेळात बसलेला असतो, शेजारी सगळे त्याच्यासारखेच, मांडीवर वही घेऊन. सकाळी दहा वाजता, पोटात इडली असताना, भूत तरी कुणाला घाबरवणार?

शिकागोच्या 'सन-टाइम्स'चे रॉजर ईबर्ट यांनी यावर सरळ भूमिका घेतली होती. तारे हे सापेक्ष असतात, मारधाडीच्या सिनेमाची बरोबरी मारधाडीच्या सिनेमाशीच करायची, असं त्यांचं म्हणणं. मित्र विचारतो 'बरा आहे का?' तेव्हा त्याला त्या जातीतला बरा आहे का, एवढंच हवं असतं. पुलित्झर हा अमेरिकेतला पत्रकारितेचा मोठा पुरस्कार मिळालेले ते पहिले चित्रपट समीक्षक, आणि ते मिळालं 1975 साली. नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडे 'शोले' आला. पहिल्या परीक्षणांत त्याला बऱ्यापैकी झोडपलं गेलं, आणि मग तो मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षांहून जास्त काळ मुक्कामाला राहिला. दादा कोंडक्यांच्या नावानं तर भल्याभल्यांनी नाकं मुरडली. त्यांचे नऊ सिनेमे ओळीनं रौप्यमहोत्सवी झाले आणि नाव थेट गिनीज बुकात गेलं. म्हणजे समीक्षक चुकले? मला तसं वाटत नाही. ते आपला विषय तपासत होते, पब्लिकनं पेपरच दुसरा सोडवला होता.

हल्ली इंटरनेटवर सगळ्यांचे मार्क गोळा करून टक्केवारी काढतात. 'रॉटन टोमॅटोज'वर साठ टक्के किंवा वर गेलात की टोमॅटो ताजा, खाली आलात की सडका. बाबा असते तर खूश झाले असते, इथेही फर्स्ट क्लासची रेघ साठावरच! पण मग त्यांना सांगावं लागलं असतं की हे मार्क नव्हेत, शंभरातल्या किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला तो आकडा आहे. सगळ्यांनी 'ठीक आहे' म्हटलं तरी शंभर टक्के. यावर ते काय बोलले असते ते मी इथे लिहीत नाही.

या सगळ्यातून वाट काढली आहे ती आमच्या दादरच्या मावशीनं. वय चौऱ्याहत्तर. ती वीस वर्षं एकाच समीक्षकाला वाचते, आणि त्या वीस वर्षांत तिचं त्याच्याशी एकदाही पटलेलं नाही. "माणूस पक्का आहे," ती म्हणते. "'भावनांचा अतिरेक' म्हणाला की समजायचं, मनसोक्त रडायला मिळणार. 'गाण्यांचा भडिमार' म्हणजे गाणी ऐकण्यासारखी. आणि 'संथ पण सकस' म्हणाला ना, की मी घरीच झोपते. तिकिटाचे पैसे वाचतात." मध्ये तो महिनाभर रजेवर होता आणि त्याच्या जागी कुणी समजूतदार मुलगी लिहीत होती. तिचे तारे मावशीला तंतोतंत पटायचे. पण त्या महिन्यात पाहिलेले तिन्ही सिनेमे तिला काही आवडले नाहीत. "आपल्यासारखाच विचार करणाऱ्याला काय विचारायचं?" असं म्हणून तिनं त्या मुलीला वाचणंच सोडलं.

गेल्या शुक्रवारी सकाळी साडेसातला तिचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, स्वारी खुशीत आहे.

"अगं, दीडच तारा दिलाय बघ! आणि वर लिहिलंय, 'शेवटची वीस मिनिटं असह्य'. प्लाझाची संध्याकाळची दोन तिकिटं काढ. आणि येताना रुमाल मोठा आण, मागच्या वेळी माझाच घेतला होतास."