‘फर्स्ट पार्टी आहे ना?’ एवढ्यावर ब्रिटनमध्ये भागत नाही

लातूर-नांदेडहून, संभाजीनगरहून ब्रिटनला आलेली पोरं थंडीत बसची वाट बघून कंटाळली की सेकंडहँड १२५ सीसी शोधायला लागतात. विम्याबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: थर्ड पार्टी कितीला पडेल? आपल्याकडे हा प्रश्न बरोबरच आहे. तिकडे थर्ड पार्टीचा दर सरकारी असतो. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाचे ७१४ रुपये, वर जीएसटी. गाडी परभणीची असो की पुण्याची, चालवणारा १९ वर्षांचा असो की साठीचा. ब्रिटनमध्ये कंपनी माणूस बघून दर लावते. वय, लायसन, पोस्टकोड, रात्री गाडी कुठे उभी असते, सगळं त्यात येतं.

विम्याच्या पायऱ्या तीन. कायद्याने लागतो तो थर्ड पार्टी ओन्ली: तुमच्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान कंपनी भरणार, तुमच्या गाडीला छदाम नाही. त्यावर थर्ड पार्टी, फायर अँड थेफ्ट: गाडी जळाली किंवा चोरीला गेली तर पैसे मिळतात, पण पावसात घसरून टाकी चेपली तर खर्च आपल्या खिशातून. सगळ्यात वर कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपला फर्स्ट पार्टी. खालची पायरी स्वस्तच असेल असं धरून चालू नका. थर्ड पार्टी निवडणाऱ्यांचे क्लेम जास्त येतात असा कंपन्यांचा हिशेब असतो, त्यामुळे कित्येकदा कॉम्प्रिहेन्सिव्हच कमी पैशांत मिळतो. बाकीची माहिती तंतोतंत तीच ठेवून तिन्ही कोट, म्हणजे कंपनीने सांगितलेले दर, काढा.

कोटमध्ये हप्त्याखाली बारीक अक्षरात ‘एक्सेस’ लिहिलेला असतो, म्हणजे दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी रक्कम. आपल्याकडे दुचाकीला सक्तीची वजावट १०० रुपये, त्यामुळे ती कुणाच्या ध्यानातही नसते. इकडे तीच रक्कम शेकड्यांनी पौंडांत जाते आणि तिचे दोन भाग असतात: कंपनीने लादलेला आणि हप्ता उतरावा म्हणून तुम्ही स्वतः घेतलेला. समजा गाडी ९०० पौंडांची, लादलेला एक्सेस ३५०, तुम्ही घेतलेला २५०. गाडी चोरीला गेली तर हातात येणार ३००. लिव्हर, इंडिकेटर, फेअरिंग मिळून ४५० चं बिल झालं तर शून्य. क्लेम केला नाही तरी अपघात कंपनीला कळवावा लागतो, ते वेगळंच. म्हणून हजार पौंडांच्या आतली जुनी गाडी असेल आणि फायर अँड थेफ्ट खरोखर स्वस्त पडत असेल, तर तोच घ्या. कर्जावरची किंवा नवी गाडी असेल तर कॉम्प्रिहेन्सिव्हला पर्याय नाही, फक्त स्वतःचा एक्सेस कमी ठेवा.

दुसरा घोळ किमतीचा. आपल्याकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, पॉलिसी काढतानाच ठरते आणि वर्षभर तीच राहते. इथे फॉर्मवर तुम्ही लिहिलेली किंमत फार तर वरची मर्यादा. मिळतो तो नुकसान होण्याच्या आधीचा बाजारभाव. ९०० च्या गाडीला १,५०० लिहून काही पदरात पडत नाही. गाडीचे स्वच्छ फोटो, सर्व्हिसिंगची बिलं आणि त्याच मॉडेलच्या विक्रीच्या जाहिराती जपून ठेवल्या, तर भावाच्या घासाघिशीत उपयोगी पडतात.

मराठवाड्यातल्या माणसाला सगळ्यात जड जाणारी गोष्ट पुढची. तिकडे विमा गाडीचा असतो; लायसनवाल्या कुणीही ‘जरा गाडी दे, आलोच’ म्हणून नेली तरी थर्ड पार्टी चालू राहतो. इकडे विमा गाडी अधिक चालवणारा, असा दोघांचा मिळून असतो. सर्टिफिकेटवर ज्यांची नावं तेवढेच चालवणार. रूममेटने कोपऱ्यावरून दूध आणायला नेली तरी तो विनाविमा ठरतो, आणि चालवू दिली म्हणून तुम्हीही गुन्हेगार. ३०० पौंड दंड आणि लायसनवर गुन्ह्याचे ६ पॉइंट. प्रकरण कोर्टात गेलं तर दंडाला वरची मर्यादा नाही. इथली परीक्षा पास होऊन दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटांत लायसनच रद्द होतं. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे थेट विम्याच्या नोंदीशी जोडलेले आहेत, त्यामुळे ‘कागद घरी राहिले साहेब’ इथे चालत नाही.

सर्टिफिकेटवर वापराचीही एक ओळ असते आणि बहुतेक जण ती वाचतच नाहीत. ‘सोशल, डोमेस्टिक अँड प्लेझर’ एवढंच असेल तर रोज कामावर जाणं त्यात बसत नाही, त्यासाठी ‘कम्युटिंग’ लागतं. जेवणाची पार्सलं पोचवायची तर ‘हायर अँड रिवॉर्ड’. कॉम्प्रिहेन्सिव्ह असूनही ही ओळ चुकली की डिलिव्हरी करताना तुम्ही विनाविमा. स्टुडंट व्हिसावर तर ॲपवरची डिलिव्हरी करताच येत नाही, कारण ते स्वयंरोजगारात मोडतं आणि त्याला त्या व्हिसावर मनाई आहे. कुणी म्हणालं, ‘माझ्या अकाउंटवर मार की’, तर सरळ नाही म्हणा.

चोरीचं कलम शब्द न् शब्द वाचा. टपरीसमोर किल्ली गाडीलाच ठेवून चहा प्यायची सवय इथे महागात पडते: किल्ली लावून सोडलेली गाडी गेली तर कंपन्या सहसा पैसे देत नाहीत. फॉर्मवर ‘गॅरेज’ लिहिलं असेल तर रात्री गाडी गॅरेजमध्येच हवी. लॉक लिहिलं असेल तर ते लावलेलं हवं. ‘सोल्ड सिक्युअर’ या चाचणीच्या शिक्क्याची साखळी घेतली तर पावती जपा. चाकाच्या डिस्कला लॉक लावून गाडी मोकळीच उभी केली, तर दोघं जण ती उचलून व्हॅनमध्ये घालतात. साखळी जमिनीतल्या किंवा भिंतीतल्या कडीला अडकवा.

सायलेन्सर बदलला, क्रॅश गार्ड लावला, तर कळवायचं. बुलेटला फटफट सायलेन्सर लावून फिरलेल्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण ब्रिटनच्या २०१२ च्या विमा कायद्याने निष्काळजीपणे चुकीची माहिती दिली तर क्लेम प्रमाणात कापता येतो. खरा हप्ता ८०० होणार होता आणि तुम्ही ४०० भरलेत, तर भरपाईही निम्मी. मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर पॉलिसीच रद्द होते. गाडी चालवणार तुम्ही आणि विमा थोरल्या भावाच्या नावावर, हा प्रकारही त्यातच येतो.

भारतीय लायसनवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, लायसनवर मोटरसायकल असेल तर. ते इथल्या लायसनशी बदलून मिळत नाही. पुढे प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन आणि सीबीटी हे सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण. त्यावर १२५ सीसीपर्यंतची गाडी, पुढेमागे लाल ‘एल’, मोटरवे बंद, डबलसीट बंद. सीबीटीची मुदत दोन वर्षं. भारतातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची हप्त्यातली सवलत, इथे सहसा धरत नाहीत, तरी विचारायला काय जातं?

आता गावाकडे राहिलेल्या गाडीचं बघा. आरसीवर नाव तुमचं आणि चालवतो धाकटा भाऊ, तर १५ लाखांचा अपघात विमा त्याला लागू होत नाही; तो फक्त मालक-चालकाचा. निव्वळ थर्ड पार्टी असेल तर मागे बसलेल्या आईचीही भरपाई विमा कंपनीकडून मिळत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तसाच निकाल दिला आहे. एक तर गाडी भावाच्या नावावर करून द्या, नाहीतर पुढच्या वेळी पॅकेज पॉलिसी, म्हणजे फर्स्ट पार्टी, काढून त्यात चालवणाऱ्याचा आणि मागे बसणाऱ्याचा अपघात विमा जोडायला सांगा. मुदत संपून ९० दिवस उलटू देऊ नका, साठलेला बोनस जातो.